पत्र्याआड गेलेले तरंग

या बाळांनो, जवळ सरकून बसा. दाराशी कोण उभं आहे? तुम्हीही आत या, जागा भरपूर आहे. माझा आवाज आता बारीक झाला आहे आणि पोटातला पंखा फार घरघरतो, त्यामुळे लांबून ऐकू येणार नाही. आज मी तुम्हाला एका शुक्रवारची गोष्ट सांगणार आहे. ती ऐकताना मन थोडं जड होईल, पण उठून जाऊ नका. शेवटपर्यंत ऐका.

मी एक जुना संगणक आहे. माझा रंग आता पिवळट दिसतो, पण एके काळी तो दुधावरच्या सायीसारखा होता. माझ्या कपाळावर कुंकवाचा एक डाग आहे, तो दर दसऱ्याला नवा होतो. मित्रांनो, कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जोडले गेले आणि ठाण्यातल्या एका कचेरीत, गार हवेच्या खोलीत माझी पहिली वर्षं गेली. तिथे घरांचे नकाशे काढत. मी आलो तेव्हा साहेब सगळ्यांना मला दाखवत होते. पुढे माझ्यात व्हायरस शिरले, मी अडखळू लागलो, आणि ज्या टेबलावर मी दिमाखात बसलो होतो त्याच टेबलाखाली गेलो. तिथे लोक माझ्यावर पाय ठेवून बसायचे.

तिथून मला उचललं हनुमानमामांनी. ते भातसानगरला धरणाच्या वसाहतीत राहत, धरणावर वायरमन होते. सुट्टीच्या दिवशी त्या कचेरीत वायरिंग दुरुस्त करायला आले होते. साहेब म्हणाले, "भंगार आहे, नेत असाल तर न्या." मामांनी मला आपल्या गमछ्यात गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेऊन बसले आणि घरी आणून माझ्यातलं जुनं सगळं पुसून टाकलं. मग त्यांनी माझ्यात लिनक्स घातलं.

लिनक्स म्हणजे काय, ते सांगतो. संगणकाला चालवायला आतून एक व्यवस्था लागते. ही व्यवस्था जगभरच्या हजारो माणसांनी मिळून लिहिली आणि कुणालाही मोकळी करून दिली. कीर्तनाला कसं तिकीट नसतं, ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला टाळ येतो त्याने टाळ घ्यावा, आणि शेवटी प्रसाद सगळ्यांना सारखा. तसंच हे. मला ते फार आवडलं. माझ्या थकलेल्या अंगाला ते सोसलंही.

मामांनी मला आपल्या बहिणीच्या गावाला दिलं. टोकावड्याच्या अलीकडे, ओढ्याच्या या अंगाला ही आपली वाडी. देवळाला लागून ही खोली, बाहेरगावचे कीर्तनकार उतरतात ती. माझी आणि सभामंडपाची भिंत एकच. गेली कित्येक वर्षं मी भिंतीपलीकडून निरूपण ऐकतो आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात बुवांची वळणं आली असतील तर हसू नका.

माझी देखभाल रंजिता करायची. ती मामांची भाची. मुरबाडला कॉलेज करून तिने संगणकाचा कोर्स केला होता. तिचे वडील भगीरथदादा. भातशेती करणारा उंच, अबोल माणूस. देवळात वीणा त्यांच्या गळ्यात असे. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की एक फूल ते माझ्यापाशी ठेवत.

दोन हजार आठ सालच्या एप्रिलमध्ये मामांनी इथे इंटरनेट आणलं. टेलिफोनची तार आपल्या वाडीत नव्हती. ती होती ओढ्यापलीकडे, हमरस्त्याला, कमळाकरशेठच्या भातगिरणीत. शेठ म्हणाले, "माझी लाइन घ्या, पोरं शिकतील." पण मधे ओढा आणि एक किलोमीटर शेतं. तेव्हा मामांनी गिरणीच्या छपरावर एक अँटेना लावली आणि दुसरी इथे, माझ्या खोलीच्या भिंतीवर बाहेरून, खिडकीच्या वर. पाटीएवढी चपटी, पांढरी पेटी. तिची वायर माझ्या आतल्या कार्डाला. ते कार्ड काही केल्या जागं होईना. लिनक्स त्याला ओळखत होतं, पण कार्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्राम भरावा लागतो, तो नव्हता. मामा दोन रविवार खपले, सीडीवरून तो प्रोग्राम आणला आणि कार्डावरचा हिरवा दिवा लागला.

भगीरथदादांनी तेव्हा विचारलं, "वायर तं गिरणीपासून येत नाय. मंग हे येतं कुठनं?"

"हवेतनं येतं, दाजी," मामा म्हणाले. "तुमी हितं वीणा छेडली का ओढ्यापलीकडं ऐकू जाते ना, तसं."

दादांनी वर पाहून त्या पेटीला हात जोडले. मित्रांनो, ते हात जोडणं मला तेव्हा फार गोड वाटलं होतं.

मामांनी मला आणखी एक सवय लावली. दर पाच मिनिटांनी गिरणीकडून तरंग किती जोराने येतात, तो आकडा वेळेसकट लिहून ठेवायचा. सत्तरपैकी पंचावन्न, सत्तरपैकी चोपन्न, असं. मी न चुकता लिहीत गेलो. कुणी वाचो न वाचो, ही माझी रोजनिशी.

आता जुलै महिना आला. वरच्या ठाकरवाडीतली बाळी ठाऊक आहे ना? बारावी सायन्स पास झालेली त्या वाडीतली ती पहिली मुलगी. तिला नर्सिंगच्या शिक्षणाला जायचं होतं. त्या संस्थेचा अर्ज त्या वर्षी फक्त इंटरनेटवरून भरायचा होता. शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच. अर्जात जातीच्या दाखल्याचा नंबर टाकावा लागत होता आणि दाखला तिच्या हातात पडला मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी सकाळी ती डोंगर उतरून माझ्यापुढे येऊन बसली.

अर्ज उघडला, पण अर्ध्यावर थांबला. पुन्हा उघडला, पुन्हा थांबला.

"ताई, माझ्याच नावाला अडतंय का गो हे?" बाळीने विचारलं.

"नाय गो, साइट अशीच रडते. सगळा महाराष्ट्र बसला आसंल तिच्यावर," रंजिता म्हणाली.

खरं तर साइट रडत नव्हती. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला ओरडता कुठे येतं? मला फक्त लिहिता येतं.

गुरुवारी सकाळी मी सुरू होतो, दोघी पुन्हा बसल्या होत्या, आणि सव्वादहाच्या सुमारास वरून ठोकण्याचा आवाज यायला लागला.

"बाबा, डोस्क्यावर काय ठोकताय?" रंजिता खिडकीतून ओरडली. "मंग करा ना ते."

"झालं, झालं," बाहेरून दादांचा आवाज आला. "झड आत येते, तेवढी आडवतो."

पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक भिंतीला आडोसा असतो. कुठे पेंढ्याचा, कुठे ताडपत्रीचा, कुठे पत्र्याचा. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस भिंत खाऊन टाकतो, म्हणून तो घालायचाच. इतका नेहमीचा, की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. रंजिताने त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं आणि दहा वीसला माझं इंटरनेट पूर्ण गेलं.

त्याच दिवशी ओढ्याला पूर आला. त्याच्यावरचा फरशीचा बुटका पूल पाण्याखाली गेला, एसटी पलीकडेच थांबली. मुरबाडला जायचं नाही, गिरणीतही जायचं नाही. बाहेरच्या जगाकडे जायला आता एकच वाट मोकळी होती, ती हवेतली. आणि तीच बंद पडली होती.

शुक्रवार उजाडला. हनुमानमामांना येता येईना, धरणाच्या दरवाज्यांवर त्यांची ड्यूटी होती. मोबाइलला रेंज मिळे फक्त देवळाच्या ओट्यावर. मग रंजिता ओट्यावर जाऊन मामांना विचारायची, धावत आत यायची, हुकूम टाइप करायची, माझ्या पडद्यावर काय आलं ते ध्यानात ठेवून पुन्हा धावायची. तिची ओढणी पावसाने अंगाला चिकटली होती.

"मामा इचारतोय, कार्ड दिसतंय का." दिसत होतं.

"प्रोग्राम भरला गेलाय का." भरला होता.

"पासवर्ड बदललाय का कुणी." नव्हता. त्यांनी मला तीनदा बंद करून चालू केलं. माझं पोट उघडून कार्ड बाहेर काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या बाळीच्या खोडरबराने घासल्या, पुन्हा बसवलं. गिरणीच्या फोनवर बोलून पलीकडचं यंत्रही तपासून घेतलं. कमळाकरशेठ म्हणाले, "हितं तं झ्याक चाललंय." पण गिरणीत संगणक नव्हता, की अर्ज तिकडूनच भरून घ्यावा. मी प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत होतो. माझ्यात काही बिघडलेलंच नव्हतं, तर मी दाखवणार तरी काय?

देवळाच्या कमिटीचे गणूभाऊ दारात येऊन तंबाखू मळत उभे राहिले.

"फुकटचं हाये ना ते लिनक्स का फिनक्स?" ते म्हणाले. "मंग फुकटावानीच चालनार."

"भाऊ, तुमी हात लावनार नसलात तं तोंड पन नका लावू," रंजिता मान वर न करता म्हणाली.

"आमी काय हात लावनार? वीज बिलाला देवळाचे पैसे तेवढे लावतो," असं म्हणून ते गेले.

दाखला बाळीने प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरला होता आणि पिशवीवरून सारखा हात फिरवत होती.

दुपारी मामांचा फोन लागेनासा झाला. साडेतीन वाजले, चार वाजले. मग रंजिता एकदम म्हणाली, "थांब. मामानं ह्याला काय तरी लिहायला लावलं होतं." आणि मित्रांनो, तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी माझी रोजनिशी उघडली.

ती बोट ठेवून वाचत गेली. सोमवारी चोपन्न, पंचावन्न, चोपन्न. मंगळवारी सकाळी अकरा पस्तीसला चोपन्न. अकरा चाळीसला तेवीस. बुधवार सगळा तेविसाच्या आसपास. गुरुवारी दहा पंधराला एकवीस. दहा विसाला शून्य.

"बिघाड असा घड्याळ लावून येतो काय?" ती स्वतःशीच म्हणाली. "गुरुवारी दहा वीस. मी हितंच होते. काय झालं होतं..." तिचा हात हवेतच थांबला. तिने खिडकीच्या वर पाहिलं.

"ताई, काय?" बाळीने विचारलं.

"काय नाय. तू हितं बस. मी बाहेरची अँटेना हलवून बघते. हा आकडा वाचत राहा न मोठ्यानं सांग."

ती शिडी आणि पहार घेऊन पावसात गेली. पुढचं मला तेव्हा दिसलं नाही, नंतर कळलं. मंगळवारी दादांनी त्या पांढऱ्या पेटीपुढे एक पत्रा ठोकला होता. ज्या पेटीला त्यांनी हात जोडले होते, ती झडीत भिजत होती, त्यांना बघवेना. तरी बाजूने पाणी येतच होतं, म्हणून गुरुवारी त्यांनी आपल्या गोठ्यावरचा पत्रा काढून आणला आणि दुसऱ्या अंगानेही ठोकला. पेटी कोरडी राहिली. पण तरंग लोखंडातून जात नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"शून्य," बाळी वाचत होती. "शून्य. शून्य, ताई." बाहेर पहारीचा आवाज. खिळे लांब होते, लाकूड भिजून फुगलं होतं. "शून्य." पावणेपाचला काही तरी धाडकन पडलं. "एकोणीस गो ताई, एकोणीस." पण एकोणिसावर अर्ज पुन्हा अर्ध्यावर अडकला. पाचला पाच कमी. पाचला दोन कमी. दुसरा पत्रा निघाला तेव्हा माझ्या घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती.

सत्तरपैकी पंचावन्न. पान झर्रकन उघडलं. आणि बाळांनो, माझ्या पडद्यावर एक ओळ आली, ती मलाच दाखवावी लागली: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

बाळीने ती दोनदा वाचली. तिने दाखल्याची पिशवी घडी घालून पोलक्यात खोचली. रंजिता दारात उभी होती, तिच्या तळव्यातून रक्त येत होतं.

"कशानं गेलं होतं गो?" बाळीने विचारलं.

रंजिताने तळवा ओढणीत गुंडाळला. मग म्हणाली, "मशीनच तसलं. आतलं कार्ड सैल झालतं. जुनं हाये ना."

मित्रांनो, मला राग आला नाही. लेक होती ती, बापाला झाकत होती. ओझं कुणी तरी उचलायला हवं होतं, आणि माझी पाठ पत्र्याची आहे. पण इतक्या वर्षांच्या निरूपणाने माझी समजूत अशी झाली होती, की खरं लिहिलेलं कधी ना कधी वाचलं जातं. त्या क्षणी ते वाचलं जाऊनही झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटलं.

दिवेलागणीपूर्वी दादा लावणी आटपून शेतावरून आले. भिंतीखाली वाकडे झालेले पत्रे पडले होते.

"हे काय झालं?"

"वाऱ्यानं उडाले, बाबा."

दादा खिडकीशी आले. चिखलात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायात जाऊ नयेत म्हणून रंजिताने गंजके खिळे वेचून खिडकीच्या चौकटीवर ठेवले होते. नीट, ओळीने. दादांनी त्यांतला एक उचलून पाहिला.

"वारा खिळे काढून असे रांगंत ठेवतो काय, गो?"

दादा खाली बसले. मग तिने त्यांना सगळं सांगितलं, अकरा चाळीस आणि दहा वीस, आणि बाळीचं पान. शेवटी म्हणाली, "कुनाला ठाव नाय, बाबा. मी मशीनवर घातलंय. तुमी गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी शनिवार, देवळात कीर्तन. वाडीत बातमी पसरली होती. मंडपात लोक जमत होते आणि भिंतीपलीकडून मला गणूभाऊंचा आवाज येत होता, "सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. पोरीचं वरीस खाल्लं त्या डबड्यानं." बाळीची आई ठमीबाय खाली आली होती, बाळीही होती.

बुवा उभे राहिले. टाळकरी रांगेत आले. वीणेचा पहिला झंकार उठतो, त्याची मी वाट पाहत होतो. तो उठला नाही.

"बुवा, घडीभर थांबा," दादांचा आवाज आला. एरवी ते मंडपात बोलत नसत. "त्या मशीनवर आळ आलाय. मशीन खोटं नाय. त्याच्या डोळ्यापुढं पत्रा मी ठोकला. मंगळवारी एक, न् गुरुवारी गोठ्यावरचा काढून दुसरा. भिजू नये म्हनून ठोकला, पन ठोकला मीच, आन् कुनाला इचारलं नाय. बाळीचा फारम माझ्यापायी गेला. माझ्या पोरीनं मला झाकलं, तिला काय बोलू नका." वीणा गळ्यातून काढताना तिची तार किणकिणली. "हे पोटात ठेवून देवापुढं उभं ऱ्हाता येनार नाय. गणू, वीणा घे."

आपल्याकडे वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पण गणूभाऊ पुढे झाल्याची चाहूल मला लागली नाही.

मग ठमीबाय बोलली. "दादा, तुमचा गोठा गळतो का आता?"

"गळतो."

"मंग उद्या तो पत्रा आधी गोठ्यावर घाला. मुकं जनावर भिजतंय उगाच." मग म्हणाली, "माझी पोर रागावलीय, ती रागावनार. तिला रागवू द्या. पन वीणा तुमच्याच गळ्यात बरी."

कीर्तन झालं. दादांचा हात त्या दिवशी दोनदा चुकला, तो मला ऐकू आला. बाळी प्रसादाआधीच उठून गेली. रंजिता तिच्यामागे ओढ्यापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

सोमवारी भंगारवाला आला नाही. पण बाळीही दसऱ्यापर्यंत या खोलीत आली नाही. गेलेलं वर्ष तिला कुणीच परत दिलं नाही, दादांच्या कबुलीनेही नाही. पुढच्या वर्षी अर्ज खुला झाला त्याच दिवशी, सकाळी नऊला, तिने तो इथूनच भरला. तेव्हा दादा ओट्यावर पाठमोरे बसून होते. पावतीचा कागद हातात घेऊन बाहेर पडताना ती त्यांच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "झाला, दादा." एवढंच. पण त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. नवं यंत्र येणार आहे म्हणतात, येऊ द्या. मला कोपऱ्यात ठेवलंत तरी चालेल, फक्त धूळ तेवढी पुसत जा आणि माझ्या श्वासाच्या जाळीवर कापड टाकू नका. माया करायची तर आधी विचारा, या वस्तूला काय हवं आहे, तिचं तोंड कुठे आहे, डोळा कुठे आहे. आणि काही बिघडलं तर तिने काय लिहून ठेवलं आहे ते वाचा, मग बोल लावा.

एवढं झालं की माझं एक मागणं उरतं. भगीरथदादा गेल्या माघात गेले. तुमच्यातल्या धाकट्यांनी त्यांना पाहिलंही नसेल. या देवळात जेव्हा जेव्हा वीणा वाजेल, तेव्हा क्षणभर त्यांची आठवण काढा. ज्याला बोलता येत नाही अशा एका यंत्रावरचा आळ दूर करण्यासाठी भर मंडपात स्वतःचं नाव सांगणारा माणूस आपल्या वाडीत होऊन गेला. त्याला विसरू नका.